इस्रायल-गाझावरून मंडळीत अबोला

(पत्र लिहिणाऱ्या ताईंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ताई नवापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. आजोबांच्या पिढीपासून घर ख्रिस्ती. दर बुधवारी मंडळीतल्या (चर्चच्या सभासदांतल्या) कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. 2025 च्या जूनमध्ये, इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले त्या आठवड्यात, मंडळीच्या एका ज्येष्ठ पंचांनी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, सभेत इस्रायलच्या विजयासाठी प्रार्थना केली. ताई म्हणाल्या, "गाझातल्या आणि इराणातल्या लेकरांसाठीही मागू या." बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता, आत कुणीच आमेन म्हटलं नाही. चहाच्या वेळी एक तरुण भाऊ म्हणाला, "ताई, तुम्ही देवाच्या निवडलेल्या लोकांच्या विरोधात बोलता." मग वाद प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. व्हिडिओला व्हिडिओने उत्तर सुरू झालं आणि एका रात्री ताईंनी आबांना उद्देशून लिहिलं, "लेकरांच्या मरणावर आमेन म्हणणाऱ्यांबरोबर मला प्रभुभोजन घ्यायचं नाही." (प्रभुभोजन म्हणजे मंडळीने एकत्र भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा पवित्र विधी.) तेव्हापासून ताईंचं बुधवारच्या सभेला जाणं बंद. रविवारी त्या मागच्या रांगेत बसतात आणि आशीर्वाद झाला की लगेच निघतात. धाकटे दीर त्यांच्या बाजूने आबांशी भांडतात. पती म्हणतात, "तिकडच्या लढाईचं आपल्याला काय? माफी माग आणि विषय संपव." ताई विचारतात: "गप्प बसू की मंडळी सोडू? आणि खरं बोलल्याची माफी का मागायची?"

ताई, सलाम.

त्या बुधवारी तुम्ही लेकरांसाठी प्रार्थना मागितलीत, त्यात काहीही चुकलं नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी तुम्हालाच काही प्रश्न विचारणार आहे. ते वाचताना असं वाटायला नको की आणखी एक जण तुम्हाला गप्प करायला आली. मी धुळ्यातल्या एका मंडळीत लहानाची मोठी झाले. पंच, पाळक (मंडळीचे धर्मगुरू), बायकांची सभा, प्रार्थनेनंतरचा चहा आणि चहासोबत निघणारे खरे विषय, हे सगळं माझ्या ओळखीचं आहे.

तुमच्या यजमानांचं "तिकडच्या लढाईचं आपल्याला काय" हे म्हणणं मला पटत नाही. त्यांना घरात शांतता हवी आहे, ते समजतं. पण परदेशातल्या युद्धावर गावात बसून बोलणं खानदेशाला नवं नाही. 1936 च्या डिसेंबरमध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. स्पेनमध्ये तेव्हा यादवी पेटली होती. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू तिच्यावर बोलले आणि साम्राज्यशाहीच्या युद्धात हिंदुस्थानने पडू नये असा ठराव त्या मंडपात झाला. ऐकणाऱ्यांत कापूस पिकवणारी आपलीच माणसं होती. दूरच्या माणसांच्या मरणाचं आपल्याला काहीतरी वाटतं हे चांगलंच आहे. तुम्हालाही वाटतं आणि आबांनाही वाटतं. ते कुणासाठी वाटतं, यावरून तुमचं बिनसलं.

आता पहिला प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तुमच्या माहेरी निम्मे चुलतभाऊ अजून आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. तुम्ही तो पाळत नाही, पण त्या दिवसांत भावजयांना भेटायला जाता, त्यांच्या लेकरांना खाऊ नेता आणि कुणाचं कुणाशी वाकडं होत नाही. म्हणजे तुमच्याहून अगदी वेगळं मानणाऱ्या माणसांसोबत एका अंगणात बसायची तुम्हाला सवय आहे. मग आबांशीच का जमेना? मला वाटतं, चुलतभावांकडून तुमची अपेक्षाच नव्हती. आबांकडून होती. एकाच पुस्तकातून वाचतो, एकाच प्रभूचं नाव घेतो, तर जगाकडेही एकाच नजरेने पाहिलं पाहिजे असं आपण मनात धरून चालतो. ते तसं निघालं नाही की नुसता मतभेद झाला असं वाटत नाही, फसवणूक झाल्यासारखं वाटतं. त्या तरुण भावालाही तुमच्याबद्दल नेमकं हेच वाटलं असणार. तुम्ही दोघं एकाच गृहीतावर उभे आहात: विश्वास खरा असेल तर या युद्धाबद्दलचं मत अमुकच असणार. त्याने त्यावरून तुमचा विश्वास मोजला, तुम्ही आबांचा मोजला.

हे गृहीत जरा उलगडून बघू या.

आबा जे मानतात ते त्यांनी टीव्हीवरून उचललेलं नाही. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात देव अब्राहामाला वचन देतो, तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन असं. त्या वचनाचा धागा आजच्या इस्रायल राष्ट्रापर्यंत सरळ आणायचा, ही वाचनाची एक रीत आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकाच्या शिकवणुकीतून ती इंग्लंड-अमेरिकेतल्या पुष्कळ मंडळ्यांत पसरली. आपल्या पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. त्या मिशनचे संस्थापक फ्रेड्रिक फ्रान्सन यांचा सगळा भर प्रभू लवकरच परत येणार यावर होता. ज्यांनी आपल्या आज्या-पणज्यांना अक्षरओळख दिली, दुखण्यात औषध दिलं, त्यांच्याच मुखातून इस्रायलचं नाव पहिल्यांदा ऐकू आलं. आबांच्या मनात इस्रायल म्हणजे बेथलेहेम, गालील, यरुशलेम. लहानपणी शेणाने सारवलेल्या ओट्यावर बसून ऐकलेल्या गोष्टींचा तो देश. त्यावर क्षेपणास्त्रं पडताना बघून त्यांचा जीव तुटला असेल, तर त्याला "लेकरांच्या मरणावर आमेन" म्हणणं न्यायाचं होईल का?

आणि त्या भावालाही विचारता येईल, की तुझी ही एकच रीत आहे का? कॅथलिक, लुथरन आणि इतर अनेक जुन्या मंडळ्या तेच वचन ख्रिस्तात पूर्ण झालं असं मानतात आणि आजच्या कुठल्याही सरकारला त्या वचनाचं मालक करत नाहीत. पवित्र शास्त्र मनापासून मानणारी माणसं दोन्हीकडे आहेत. तेव्हा "तुम्ही शास्त्राविरुद्ध बोलता" हा आरोप टिकत नाही. आणि तुमच्या मनात जे आहे, की आबा शास्त्राचा गैरवापर करतात, तेही तितकं सोपं नाही.

युद्धाबद्दलही तसंच. क्वेकर आणि मेनोनाइट मंडळ्या शतकानुशतकं शस्त्र हातात घ्यायला नाही म्हणत आल्या. त्यासाठी त्यांची माणसं तुरुंगातही गेली. दुसरीकडे ऑगस्टीनपासून थॉमस अक्वायनसपर्यंतच्या धर्मपंडितांनी म्हटलं की कधीकधी युद्ध न्याय्य असू शकतं, पण त्याला अटी आहेत: अधिकार असलेल्याने पुकारलेलं असावं, कारण न्याय्य असावं, हेतू शुद्ध असावा. पुढच्यांनी त्यात भर घातली की इतर सगळे उपाय थकलेले असावेत, बळ गरजेपुरतंच वापरावं आणि न लढणाऱ्यांवर हत्यार चालवू नये. हे नीट पाहा ताई. इस्रायलला लढण्याचा हक्क आहे असं मानणाऱ्या माणसालाही या परंपरेत "मग त्या लेकरांचं काय" हा प्रश्न चुकवता येत नाही. आणि लेकरांसाठी रडणाऱ्यालाही "मग 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलमध्ये हमास या गाझातल्या सशस्त्र संघटनेकडून जे घरात शिरून मारले गेले त्यांचं रक्षण कुणी आणि कसं करायचं" हा प्रश्न चुकवता येत नाही. तुमच्या ग्रुपवर हे वेगवेगळे प्रश्न एकाच पिशवीत कोंबले गेले. लढायचा हक्क आहे का, हा एक. ज्या रीतीने लढलं जातंय ते बरोबर आहे का, हा दुसरा. शास्त्रातलं वचन या राष्ट्राला लागू आहे का, हा तिसरा. पहिल्याला तुम्ही आणि आबा कदाचित सारखंच उत्तर द्याल. दुसऱ्यावर आबा काय म्हणतील हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही त्यांना ते कधी विचारलेलंच नाही. सगळी भांडाभांडी तिसऱ्यावर झाली आणि तो तर दोनशे वर्षांत मोठमोठ्या पंडितांकडूनही सुटलेला नाही.

ताई, एक गोष्ट मला टोचली म्हणून विचारते. त्या बुधवारी गाझा आणि इराणच्या लेकरांची नावं घेताना तुम्ही हमासने पळवून नेलेल्या ओलिसांचा उल्लेख केला होता का? पत्रात तो कुठेच नाही. हमासच्या त्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसं मेली आणि 251 जणांना धरून नेलं गेलं. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे 2025 च्या जुलैअखेरपर्यंत तिथल्या मृतांचा आकडा 60,000 च्या पुढे गेला होता. हे आकडे मी तराजूच्या दोन पारड्यांत टाकत नाही. तुमच्या तोंडून फक्त एका बाजूचं दुःख ऐकू आलं, तर समोरच्याला वाटणार की दुसऱ्या बाजूचं तुम्हाला काही नाही. आबांबद्दल तुम्हाला वाटलं ते याहून वेगळं नव्हतं.

शिवाय एक माहिती तुमच्या मंडळीत कुणीच पुढे आणलेली दिसत नाही. इस्रायलचे नागरिक असलेल्या ख्रिस्ती लोकांपैकी बहुसंख्य अरब आहेत. युद्धाआधी गाझातही हजारेक ख्रिस्ती राहत होते. तिथलं सेंट पॉर्फिरियस हे फार जुनं चर्च. 19 ऑक्टोबर 2023 ला त्याच्या आवारात बॉम्ब पडला आणि आसऱ्याला आलेली 15 हून अधिक माणसं गेली. 17 जुलै 2025 ला गाझातल्या एकमेव कॅथलिक चर्चला तोफगोळा लागून तिघे गेले, तिथले धर्मगुरू जखमी झाले. इस्रायलने तो चुकून लागल्याचं सांगून खेद व्यक्त केला. पोप फ्रान्सिस वारले त्याच्या आधीपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी या चर्चमध्ये फोन करून विचारपूस करत असत. इराणातही आर्मेनियन आणि अश्शूरी ख्रिस्ती पिढ्यानपिढ्या आहेत. म्हणजे "आपले" आणि "त्यांचे" ही तुमच्या ग्रुपवर आखलेली रेघ जमिनीवर कुठे सापडतच नाही. हे आबांना सांगा, पण ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलं की त्याचा दगड होतो. समोर बसून सांगितलं तर कदाचित तेच म्हणतील, "अगं, मग त्यांच्यासाठी मागायला हवं."

तुमचं उत्तर मला माहीत आहे: "एवढं स्पष्ट दिसत असताना मी मवाळ का बोलू?" म्हणून 2003 ची आठवण देते. त्या मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला उघड विरोध केला, आपला दूत वॉशिंग्टनला पाठवला. त्याच अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी, हे न्याय्य युद्ध ठरेल असं राष्ट्राध्यक्ष बुश यांना आधीच लेखी कळवलं होतं. दोन्ही बाजूंना प्रभूचंच नाव. ज्या संहारक शस्त्रांसाठी युद्ध झालं ती सापडली नाहीत. सद्दाम जुलमी होता हे खरंच, पण त्याच्यानंतर माजलेल्या बेबंदशाहीत इराकची प्राचीन मंडळी उसवली. दहा लाखांच्या वर मानले जाणारे तिथले ख्रिस्ती काही लाखांवर आले आणि 2014 च्या जुलैत आयसिस या दहशतवादी संघटनेने मोसुलमधल्या ख्रिस्ती कुटुंबांना घरदार सोडून जायला लावलं. ज्यांनी युद्धाला शास्त्राचा आधार दिला त्यांना यातलं काही नको होतं. माणूस मनाने चांगला असूनही युद्धाच्या हिशेबात चुकू शकतो. तुम्ही आणि मीसुद्धा त्यात आलो. आपल्या सरकारनेही संयुक्त राष्ट्रांत डिसेंबर 2023 मध्ये गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावाला पाठिंबा दिला आणि जून 2025 मध्ये तशाच ठरावावर तटस्थ राहिलं. ज्यांच्याकडे राजदूत आहेत, हेरखातं आहे, त्यांचंही एक मत टिकेना. मग बुधवारच्या सभेतल्या वीस माणसांनी एकच मत धरावं हा आग्रह कशासाठी?

बातम्यांबद्दलही एक बोलते, कारण नवापूरकरांना ते दुसऱ्या कुणाहून जास्त कळेल. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तुमच्याकडे सापडला. तेव्हा टीव्हीवर नवापूर म्हणजे पांढरे सूट घातलेली माणसं आणि मेलेल्या कोंबड्यांचे ढीग, एवढंच दिसायचं. शेडवाल्याचं कर्ज, मजुराची गेलेली रोजी, लग्नात आलेल्या पाहुण्यांनी जेवणाकडे संशयाने पाहणं, यातलं काही त्यात नव्हतं. जे दाखवलं ते खोटं नव्हतं, पण त्यावरून नवापूर कुणाला कळलं नाही. तुमच्या ग्रुपवरचे ते अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ, तुम्ही पाठवलेले आणि त्या भावाने पाठवलेले, दोन्ही, त्याच जातीचे आहेत. त्यातले काही तर भलत्याच देशातल्या, भलत्याच वर्षीच्या युद्धाचेही असू शकतात. ज्याची खातरजमा करता येत नाही ते पुढे पाठवू नका. आणि अशा व्हिडिओखाली मदतीसाठी दिलेल्या क्यूआर कोडवर पैसे तर मुळीच पाठवू नका.

आता माफीचं. यजमान म्हणतात माग, तुम्ही म्हणता खरं बोलल्याची का मागू. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. लेकरांसाठी प्रार्थना मागितली, तिची माफी मागायची नाही. कुणी तशी मागायला लावली तर नम्रपणे नाही म्हणा. पण त्या रात्री ग्रुपवर लिहिलेलं वाक्य परत घ्यायला हवं. ते वाक्य युद्धाबद्दल नव्हतं. सत्तरीच्या एका माणसाला तुम्ही सगळ्यांसमोर प्रभुभोजनाला नालायक ठरवलंत. कोण त्या मेजावर बसायचं हे ना आबांनी ठरवायचं, ना तुम्ही.

आबांच्या घरी जा, बुधवार सोडून कुठल्याही दिवशी, संध्याकाळी, ते ओट्यावर बसलेले असतील तेव्हा. दीरांना नेऊ नका, ते बोलता बोलता पुन्हा भांडतील. यजमान आले तर चांगलं. काकू असतील तर त्यांनाही बसायला सांगा. आणि उगाच प्रस्तावना न करता बोला: "आबा, ग्रुपवर मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, ते मी मागे घेते. तिथेही तसं लिहीन. लेकरांसाठी प्रार्थना करावी असं मला अजूनही वाटतं, ते मी सोडलेलं नाही. पण तुम्हाला इस्रायलबद्दल इतकं का वाटतं हे मी कधी विचारलं नाही, ते ऐकायला आले." मग खरंच ऐका. मधे तोडू नका. त्यांना लगेच पटवायचं, असं मनात धरून जाऊ नका. ते चिडले तर "बरं आबा" म्हणून चहा घेऊन उठा. काही दिवसांनी पुन्हा जाता येतं. ग्रुपवरची माफी दोन ओळींची ठेवा. जिथे अपमान झाला तिथेच ती दिसली पाहिजे, आणि तिला कुणी काही उत्तर दिलं तर त्यावर पुढे लिहू नका.

दुसरं काम पाळकांकडे. त्यांना भेटून दोन गोष्टी मागा. प्रार्थनेच्या ग्रुपवर युद्धाचे व्हिडिओ आणि राजकारण कुणीच टाकू नये, कुठल्याही बाजूचं, हे त्यांनी स्वतः सांगावं. आणि ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी एखादी संध्याकाळ वेगळी ठेवावी. भात कापून झाला की लोकांना वेळही असतो. त्या संध्याकाळी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचे 13 आणि 14 हे अध्याय लागोपाठ वाचा. तेराव्यात सत्ताधीशाच्या हातातल्या तलवारीची गोष्ट आहे. चौदाव्यात पौल मांस खाणाऱ्यांना आणि न खाणाऱ्यांना सांगतो की एकमेकांना तुच्छ लेखू नका, एकमेकांचा न्याय करू नका. तुम्ही म्हणाल, मांस खाणं आणि माणसं मरणं एका मापाचं कसं? नाहीच. म्हणून मी तुम्हाला मत सोडा असं म्हणत नाही. इतक्या गंभीर गोष्टीवर बोलताना तरी समोरच्याचा विश्वास खोटा ठरवायची घाई करू नये, एवढंच म्हणते. महात्मा गांधी 1918 मध्ये खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, ब्रिटिश सैन्यासाठी भरतीचा प्रचार करत फिरले. त्यांचे मित्र चार्ल्स अँड्र्यूज यांना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी पत्रांतून गांधीजींना तसं स्पष्ट लिहिलं, आडपडदा न ठेवता. आणि 1940 मध्ये अँड्र्यूज वारले तोवर त्यांची मैत्री राहिली. मला ही जोडी फार जवळची वाटते. दोघांपैकी कुणीही "जाऊ दे, विषय नको" असं म्हटलं नव्हतं.

बुधवारच्या सभेत मात्र वाद नको, तिथे प्रार्थनाच असू दे. तुमची पाळी येईल तेव्हा दोन्हीकडच्यांसाठी मागा: ज्यांची माणसं पळवली गेली त्यांच्यासाठी, ज्यांची घरं पडली त्यांच्यासाठी, बंदूक धरणाऱ्या पोरांसाठी, निर्णय घेणाऱ्यांसाठी. कुणाला टोमणा वाटेल असे शब्द घालू नका. प्रार्थनेतून कुणाला सुनावणं आपल्याकडे फार चालतं आणि ते सगळ्यांना कळतं. आबांनी पुन्हा इस्रायलसाठी मागितलं तर त्या देशातल्या माणसांच्या रक्षणासाठी तुम्हालाही आमेन म्हणता येईल. शत्रूच्या नाशासाठी मागितलं तर म्हणू नका. त्यासाठी उठून जायची गरज नाही.

गप्प बसण्याचा पर्याय मला पसंत नाही. तुम्ही तसं करून पाहिलंच आहे. मागच्या रांगेत बसून लवकर निघता, कुणी तुम्हाला जा म्हटलेलं नाही आणि कुणी थांबवलेलंही नाही. अशा गप्पपणात माणूस आतून कडू होत जातो. मंडळी सोडणं कधीकधी योग्य असतं, तेही सांगते. व्यासपीठावरून पाळकांनीच जाहीर केलं की अमुक राष्ट्राला पाठिंबा नसेल तर तो विश्वासणारा नव्हे, किंवा कुणी एखाद्या धर्माच्या, जातीच्या माणसांच्या मरणाचा आनंद करू लागलं आणि त्याला कुणी अडवेना, तर तिथे लेकरांना घेऊन बसू नये. पण तुमच्या पत्रात तसं काही नाही. पाळक तर अजून एक शब्दही बोललेले नाहीत. एका पंचाशी आणि एका पोराशी वाजलं म्हणून आज्यापासूनची मंडळी सोडली, तर पुढच्या मंडळीतही एखादे आबा भेटतीलच. आणि आपल्या भागात मंडळ्या लहान आहेत. एक घर फुटलं की दोन-चार घरं त्याच्या मागे जातात, आणि मग लग्नात, मयतीत कोण कुणाकडे जायचं इथपर्यंत ते पोहोचतं. गावात आपल्यावर आधीच पुष्कळ नजरा असतात, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हा सल्ला मी एका ख्रिस्ती ताईला देतेय, पण अमळनेरच्या भजनी मंडळातल्या एका काकांनी आणि भुसावळच्या एका मुस्लिम बहिणीनेही थोड्याफार फरकाने हेच विचारलं होतं. काकांच्या मंडळात सीमेपलीकडच्या कारवाईवरून टाळ वाजवणारे दोघे एकमेकांकडे पाहीनासे झाले. त्या बहिणीच्या घरी येमेनमधल्या युद्धावरून दोन भावांचं बोलणं बंद पडलं. तुम्हा सगळ्यांना एकच सांगते. ज्याच्याशी वाजलं त्याला तुमचं मत ऐकवायच्या आधी, त्याला कोणत्या मेलेल्या माणसाची आठवण छळते ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा तुमच्या अंदाजाबाहेरचं असतं. आणि सरकारने काय करावं याबद्दल तळमळ असेल तर खासदाराला पत्र लिहा. तुमच्या मताने धोरण बदलायचंच तर ते तिकडून बदलेल, शेजारी बसणाऱ्याशी अबोला धरून नाही.

राहिलं घरचं. दीरांना सांगा की माझ्या बाजूने भांडू नका, मी स्वतः बोलते आहे. तुमच्या मायेने ते बोलतात, पण त्यांनी चढवलेला प्रत्येक शब्द आबांच्या हिशेबात तुमच्या नावावर जमा होतो. यजमानांना सोबत न्या, म्हणजे माफी कशाची मागितली आणि कशाची नाही हे त्यांना प्रत्यक्ष ऐकू येईल. त्या तरुण भावाशी बोलायची घाई करू नका. आबांचं आणि तुमचं बोलणं सुरू झालेलं त्याला दिसलं की तो आपोआप निवळेल. नाही निवळला तर एकदा घरी जेवायला बोलवा आणि त्या दिवशी हा विषय काढू नका.

संडे स्कूलचा वर्ग तुमच्याकडून काढून दुसऱ्या ताईंना दिला, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो परत मागायचा असेल तर पाळकांना सरळ विचारा: वर्ग कशासाठी काढला? मुलांना तुम्ही वर्गात युद्धाबद्दल काही शिकवलं असेल तर तसं सांगा आणि पुढे ते करणार नाही असंही सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलांना आपल्या भांडणात कोणत्याही बाजूने ओढायचं नाही. शिकवलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा. पंचांची बैठक बोलावली गेली तर एकट्या जाऊ नका, पाळक हजर असावेत असा आग्रह धरा आणि जो निर्णय होईल तो कारणासह लिहून मागा. आणि बैठकीच्या आधी आबांची भेट झालेली असू द्या.